जूनमध्ये बर्फ नसतो

डॉक्टरबाई म्हणाल्या, इथे सगळ्यांना अंधार बाधतो,
तुम्हाला उजेड?
आणि काहीतरी लिहून पुन्हा खोडलं.
समोरच्या कागदावर : गेल्या दोन आठवड्यांत
झोप, भूक, दचकणं, विनाकारण रडू.
चार चौकटी. एकीत खूण करा.
माझे दोन आठवडे चाळीस वर्षं चाललेत.
चौकटीत मावत नाहीत.

मग सांगितलं ते असं, तुटक तुटक :
आमच्या वार्काउसला उणे वीस झालं की बर्फ बोलतो.
बुटाखाली करकरतो, कोऱ्या वहाणेसारखा.
कागदगिरणीची पाळी सुटली की मी खिडकीला कान लावायचे.
एकसारखी करकर, म्हणजे बाबा बाबांसारखे येताहेत.
करकर, मग थांबणं, मग दोन पावलं घाईची :
अर्धी बाटली.
फरफट ऐकू आली की इल्पोचे बूट पलंगाखालून ओढायचे,
आई तर कोट घालूनच झोपलेली,
आणि मागच्या दाराने हेल्वीबाईंच्या सौनात.
विझलेल्या दगडांत थोडी ऊब उरलेली असायची.
शनिवारी जास्त.
इल्पो दगड मोजायचा. त्रेपन्न होते.
दर वेळी त्रेपन्नच भरायचे,
याचं त्याला केवढं समाधान.

हिवाळा असा उपयोगाचा होता.
वाईट जून.
बर्फ गेला की गवत, आणि गवत चहाडी करत नाही.
रात्री बारालाही दिसतं सगळं; लपायला काळोख नाही,
ऐकायला पाऊल नाही.
तळ्याकाठी गाव शेकोटी पेटवून नाचायचं
आणि आमचं दार एकदम उघडायचं.

मी आता कुओपिओला, आणीबाणीच्या फोनवर असते.
आग, अपघात, निळं पडलेलं बाळ.
पलीकडे कुणी किंचाळलं की माझा आवाज आपोआप खाली बसतो.
सगळे म्हणतात, ही बर्फासारखी थंड.
रविवारी दुपारी, काही म्हणजे काही होत नसताना,
माझे हात कापतात.

बाबा एवढेच नव्हते, हेही सांगायला हवं.
शेवटची सात वर्षं थेंब घेतला नाही.
बर्चचे चमचे कोरत बसायचे,
नातीला म्हणायचे, याने लापशी गोड लागते.
ती अजून त्याच चमच्याने खाते.
मी तो घासते, पुसते, तिच्या हातात देते.
रागवायचं राहूनच गेलं.
इल्पो नाताळला फोन करतो.
आम्ही गाडीच्या टायरांबद्दल बोलतो.

मागच्या आठवड्यात साइमी अनवाणी गवतातून आली,
स्वयंपाकघरात, पाठीमागून.
माझ्या हातून मुरंब्याची बरणी सुटली.
आई, मीच आहे, मीच.
पायाशी काचा, आणि ती काचांकडे बघत नव्हती.
माझा चेहरा वाचत होती.
ते वाचणं मी ओळखते.

तेव्हापासून फाटकाशी सायकलची घंटी दोनदा वाजते.
सहज वाजवल्यासारखी.
चौदा वर्षांची पोर.
हिला कुणी शिकवलं?

हे मात्र डॉक्टरबाईंना सांगितलं नाही.

काल एक गाडी खडी मागवली,
फाटकापासून पायरीपर्यंत पसरली.
शेजारचे ताउनो म्हणाले, चांगली हिरवळ का मारलीत?
पाणी साचतं, म्हटलं.
रात्री साडेअकराला, त्या न मावळणाऱ्या उजेडात,
फाटकापर्यंत जाऊन परत फिरले.
खडी करकरली.
वर साइमीच्या खिडकीचा पडदा किंचित हलला,
आणि मी पावलं टाकत राहिले,
एकसारखी, न थांबता,
तिला ऐकू जातील अशी.